नाडी 52 आणि तरी पोरगी पळतेय: जन्मजात हार्ट ब्लॉक असलेल्या मुलांच्या खेळण्याबद्दल

आमच्या भागात कुणाच्या मुलाला जन्मापासून हार्ट ब्लॉक आहे, म्हणजे ठोक्याचा सिग्नल हृदयाच्या वरच्या भागातून खाली पोचत नाही, असं कळलं की पहिल्यांदा काय बंद होतं तर पळणं. मग खो-खो नाही, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढताना दप्तर दुसऱ्याकडे, शिमग्यात पालखीच्या जवळपास जायचं नाही, आणि पीटीच्या तासाला आंब्याखाली बसून राहायचं. हे सगळं मायेनेच होतं, घाबरून होतं, पण बरेचदा डॉक्टरने असं काही सांगितलेलंच नसतं. मी गुहागर तालुक्यातल्या एका शाळेत पीटी शिकवते आणि आमच्याकडे पाचवीत एक मुलगी आहे, बसल्या जागी तिची नाडी मिनिटाला 52, आणि ती रोज विचारते, बाई मी पण पळू? तिच्या आईबाबांनी सगळी फाईल दाखवली, त्यांच्या डॉक्टरांशीही बोलणं झालं, आणि आईबाबांना विचारूनच हे लिहितेय कारण कोकणात अशी अजून मुलं असणार आणि त्यांचे मास्तर माझ्यासारखेच गोंधळलेले असणार. मला सांगायचंय ते एवढंच की बसल्या जागी मोजलेल्या नाडीवरून मुलाचं खेळणं ठरवू नका, पळताना त्या हृदयाचं काय होतं ते बघून ठरवा, आणि ते बघायची सोय आहे.

आधी आपल्या सगळ्यांचं हृदय कसं चालतं ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. हृदयाला चार कप्पे, दोन वर दोन खाली. उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका असतो, 1907 साली कीथ आणि फ्लॅक या दोन ब्रिटिश संशोधकांनी तो शोधला. तिथून विजेचा बारीक सिग्नल निघतो, वरचे कप्पे आवळतात, मग सिग्नल मधल्या एव्ही नोडपाशी येतो, तिथे अगदी क्षणभर रेंगाळतो म्हणजे वरचं रक्त खाली उतरायला वेळ मिळतो, आणि मग हिस बंडल नावाच्या वाटेने खालच्या कप्प्यांत जातो. खालचे कप्पे आवळले की रक्त फुप्फुसांत आणि शरीरभर जातं, मनगटाला लागते ती नाडी या खालच्या कप्प्यांची. एव्ही नोडचं नीट वर्णन पहिल्यांदा केलं ते जपानच्या सुनाओ तवारा यांनी, जर्मनीत काम करत असताना, 1906 साली. म्हणजे हे सगळं ज्ञान जेमतेम सव्वाशे वर्षांचं आहे.

आता पळायला सुरुवात केली की काय होतं? व्हेगस नावाची एक नस असते, ती एरवी सायनस नोडला आवरून धरते. पळायला लागलं की पहिल्या काही सेकंदातच तिचा जोर कमी होतो आणि ठोके वाढतात, मग अजून जोरात पळलं की सिम्पथेटिक नसा आणि अॅड्रेनलीन कामाला लागतं आणि ठोके आणखी चढतात. दहा वर्षांचं मूल बसलेलं असताना साधारण 75 ते 90 असतं, जीव तोडून पळालं की 190-200 पर्यंत जातं. इंटरनेटवर 220 वजा वय असं जे सूत्र फिरतं ते मोठ्यांसाठी आहे हो, मुलांना ते लावू नका, शाळेच्या वयात हा वरचा आकडा वयाप्रमाणे फारसा हलत नाही.

जन्मजात पूर्ण हार्ट ब्लॉकमध्ये सायनस नोड ठणठणीत असतो. वरचे कप्पे अगदी बरोबर चालतात. सिग्नल फक्त खाली पोचत नाही, मधली वाटच तुटलेली असते. मग खालचे कप्पे बंद का पडत नाहीत, तर ब्लॉकच्या खाली असलेल्या पेशींनाही स्वतःहून ठोका द्यायची क्षमता असते, फक्त त्यांचा वेग कमी असतो, 40, 50, 60 असा काहीतरी. म्हणजे एकाच हृदयात दोन वेगळे ताल, वरचा वेगळा खालचा वेगळा, एकमेकांशी काही संबंध नाही. आणि हे आधी सांगून टाकते कारण गावात हाच गैरसमज सगळ्यात जास्त आहे, हा रक्तवाहिन्यांमधला ब्लॉकेज नव्हे, याला अँजिओप्लास्टी करत नाहीत आणि तेलकट खाण्याशी याचा काही संबंध नाही. साधारण 15 ते 20 हजार जन्मांमागे एका बाळाला हे असतं. काहींच्या हृदयाची रचनाच वेगळी असते आणि त्यासोबत ब्लॉक येतो, पण बऱ्याच मुलांचं हृदय बाकी अगदी नीट असतं. आमची मुलगी या दुसऱ्या गटातली आणि पुढचं मी मुख्यतः अशा मुलांबद्दलच लिहितेय.

तिची ट्रेडमिल टेस्ट मुंबईला झाली. ब्रूस प्रोटोकॉल म्हणतात त्याला, अमेरिकेतल्या रॉबर्ट ब्रूस नावाच्या डॉक्टरांनी बसवलेली पद्धत. पहिली तीन मिनिटं ताशी 2.7 किलोमीटर वेग आणि 10 टक्के चढ, पुढची तीन मिनिटं ताशी 4 आणि 12 टक्के, मग 5.5 आणि 14 टक्के, असं दर तीन मिनिटांनी वाढवत जातात. छातीला ईसीजीच्या पट्ट्या चिकटवलेल्या, दंडाला बीपीचा पट्टा, बाजूला डॉक्टर उभे. तिच्या बाबांनी सांगितलं की ती चौथ्या टप्प्यात शिरली आणि मग स्वतःच म्हणाली पुरे.

ईसीजीची ती कागदी पट्टी मी निवांत बसून बघितली, तुम्हीही तुमच्या मुलाची मागून घ्या आणि बघा, फार अवघड नाहीये. कागदावर बारीक चौकोन असतात आणि पाच बारकांचा एक मोठा चौकोन, मोठा चौकोन म्हणजे 0.2 सेकंद. उंच टोकदार रेषा म्हणजे खालच्या कप्प्यांचा ठोका. मधे मधे छोटे गोल उंचवटे दिसतात ते वरच्या कप्प्यांचे. टेस्टच्या आधीच्या पट्टीवर तिच्या दोन उंच रेषांमध्ये जवळजवळ सहा मोठे चौकोन होते, म्हणजे 52 चा वेग, आणि छोटे उंचवटे मात्र साडेतीन चौकोनांना एक असे आपले चाललेले, कधी उंच रेषेच्या आधी, कधी तिच्यात घुसलेले, कधी नंतर. शेवटच्या मिनिटाच्या पट्टीवर छोटे उंचवटे पावणेदोन चौकोनांना एक, म्हणजे वरचे कप्पे 176 पर्यंत गेलेले, दुसऱ्या कुठल्याही पळणाऱ्या मुलासारखे. आणि उंच रेषा? त्या पण जवळ आल्या होत्या. सहा चौकोनांवरून तीनला जरा कमी. म्हणजे खालचे कप्पे 52 वरून 104 ला पोचले होते.

दुप्पट. मला वाटत होतं की ब्लॉक आहे म्हणजे खालचा वेग 52 ला खिळलेला असणार, बहुतेकांना असंच वाटतं. पण खालच्या त्या पेशींनाही अॅड्रेनलीन कळतं, व्यायामात त्यांचाही वेग वाढतो, फक्त सायनस नोडइतका वाढत नाही. किती वाढतो ते मुलागणिक वेगळं. ब्लॉक एव्ही नोडच्या पातळीवर असेल आणि ठोका हिस बंडलच्या आसपासून येत असेल तर ईसीजीवरची उंच रेषा बारीक दिसते आणि वेग बऱ्यापैकी वाढतो. ठोका अजून खालून येत असेल तर रेषा रुंद दिसते, वेग कमी वाढतो आणि अशा ठोक्यावर डॉक्टर फारसा भरवसा ठेवत नाहीत.

तरी पण 104 म्हणजे तिच्या वर्गातल्या मुलींच्या जवळजवळ निम्मेच ना, मग ती चौथ्या टप्प्यापर्यंत गेली कशी? इथे खरी गंमत आहे. शरीराला ठोके नको असतात, रक्त हवं असतं. मिनिटाला किती रक्त बाहेर पडतं ते दोन गोष्टींवर ठरतं, ठोके किती आणि एका ठोक्यात रक्त किती. विहिरीवर रहाट भरभर ओढता येत नसेल तर कळशी काढून हंडा बांधायचा, खेपा कमी झाल्या तरी पाणी तेवढंच भरतं, तसंच हे. दोन ठोक्यांमध्ये वेळ जास्त मिळतो म्हणून खालचे कप्पे जास्त भरतात, जास्त ताणले जातात, आणि हृदयाचा स्नायू जास्त ताणला की जास्त जोरात आवळतो, हा त्याचा गुणधर्मच आहे. जन्मापासून, खरं तर पोटात असल्यापासून, हे हृदय असंच वाढलेलं असतं.

ढोबळ आकडे घेऊन बघू, फक्त कल्पना यावी म्हणून. दहा वर्षांच्या साध्या मुलीचे बसल्या जागी 85 ठोके, एका ठोक्याला 45 मिली, म्हणजे मिनिटाला 3.8 लिटर. ब्लॉकवाल्या मुलीचे 52 ठोके पण एका ठोक्याला 73 मिली धरा, तेही 3.8 लिटरच. म्हणून ती वर्गात बसलेली असताना काही कळतच नाही, गाल गुलाबी, अभ्यास चालू. आता पळताना साधी मुलगी 190 ठोके आणि 57 मिली, म्हणजे 10.8 लिटर. आपली मुलगी 104 ठोके आणि 90 मिली, म्हणजे 9.4 लिटर. फरक आहे, पण निम्म्याचा नाही. त्यात आणखी एक, स्नायू रक्तातून जास्त ऑक्सिजन खेचून घेतात, सगळ्यांचेच घेतात, पण इथे ते जास्त कामी येतं. म्हणून यातली बरीच मुलं वर्गातल्या मधल्या मुलांइतकी धावतात, थोडी मागे पडतात एवढंच, आणि थोडी मुलं जास्त मागे पडतात.

याच कारणाने या मुलांच्या छातीच्या एक्स-रेमध्ये हृदय थोडं मोठं दिसतं. ते बघून घरचे हादरतात. मोठं दिसणं हे या बदलाचाच भाग असू शकतं, पण हृदय थकत चाललंय म्हणूनही मोठं होऊ शकतं, आणि दोन्हीतला फरक नुसत्या एक्स-रेवरून कळत नाही, त्यासाठी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ठरलेल्या वेळी करत राहायचा. चुकवायचा नाही. शेतीची कामं आहेत, आंब्याचा सीझन आहे, सुट्टी मिळत नाही, हे सगळं मला कळतं, पण मूल चांगलं खेळतंय म्हणून एको टाळला असं नको.

जिथे हृदयाची रचनाच वेगळी आहे तिथे एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायची ताकद मुळातच कमी असू शकते, त्यामुळे एका मुलाला जे झेपलं ते दुसऱ्याला झेपेल असं नाही. अमक्याचा मुलगा क्रिकेट खेळतो म्हणून माझाही खेळेल असं धरून चालू नका. ज्याची टेस्ट त्याच्यापुरती.

टेस्टमध्ये डॉक्टर फक्त सगळ्यात वरचा आकडा बघत नाहीत. खालचा वेग हळूहळू चढतो की मधेच अडकतो, बीपी वाढतंय का, चक्कर, छातीत दुखणं असं काही होतं का, आणि मधेच उडी मारून येणारे वेडेवाकडे ठोके, ज्यांना एक्टोपिक म्हणतात, ते व्यायामात वाढतात का. एखाद-दुसरा आला तर बहुधा चालतं, पण लागोपाठ यायला लागले किंवा वेगवेगळ्या आकाराचे दिसले तर टेस्ट थांबवतात. ईसीजीवर क्यूटी नावाचं एक अंतरही मोजतात, खालच्या कप्प्यांना एका ठोक्यानंतर पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो ते त्यातून कळतं. या मुलांमधल्या काहींचं क्यूटी लांबलेलं असतं आणि अशांना अचानक घातक ताल सुरू व्हायचा धोका जास्त, म्हणून ते वेगळं विचारून घ्या.

आणि आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. ट्रेडमिल चांगली आली म्हणजे सगळं चांगलं असं नाही. या मुलांना भोवळ येते ती बरेचदा खालचा ठोका मधेच लांबल्यामुळे, आणि तसं व्हायची वेळ म्हणजे झोप, तेव्हा व्हेगसचा जोर असतो आणि वेग सगळ्यात खाली गेलेला असतो. ट्रेडमिलवर हे दिसणारच नाही. म्हणून 24 तासांचा होल्टर लावतात, छातीला वायरी आणि कमरेला छोटं मशीन, घरी जाऊन नेहमीसारखं वागायचं. रात्रीचा सगळ्यात कमी वेग किती, सगळ्यात लांब गॅप किती, सरासरी किती, हे त्यात येतं. ट्रेडमिल सांगते की मुलाला किती झेपतं, होल्टर सांगतो की मूल किती सुरक्षित आहे. दोन्ही लागतात. लहान मुलं चक्कर आली असं सांगत नाहीत, ती रात्री दचकून उठतात, भयानक स्वप्नं पडतात, शाळेतून आल्यावर जेवायच्या आधीच झोपतात, वजन वाढत नाही. आमच्याकडे दचकून उठणाऱ्या पोराची आधी दृष्ट काढतात. काढा, पण होल्टरची तारीखही घ्या.

पेसमेकर, म्हणजे हृदयाला ठोका देणारं छोटं यंत्र, कधी बसवायचं हा प्रश्न येतोच. भोवळ येत असेल, हृदयाची ताकद कमी होत असेल, उंच रेषा रुंद असतील, एक्टोपिक जास्त असतील तर बसवतात. नवजात बाळात खालचा वेग साधारण 55 च्या खाली असेल, किंवा हृदयाची रचना वेगळी असताना 70 च्या खाली असेल तर लवकर बसवतात. वर्षाच्या पुढच्या मुलात सरासरी 50 च्या खाली गेली किंवा नेहमीच्या दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या दुप्पट-तिप्पट गॅप दिसायला लागले तर विचार करतात. बाकीच्यांना लक्ष ठेवून थांबतात. थांबण्याला कारण आहे, बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं टिकते, म्हणजे लहानपणी बसवला की आयुष्यभरात बऱ्याच वेळा बदलावा लागणार, वायरी तुटू शकतात, आणि कायम एकाच बाजूने ठोका दिल्यामुळे काही मुलांच्या डाव्या कप्प्याची ताकद वर्षांनी कमी होते. दुसऱ्या बाजूला, स्वीडनच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना वर्षानुवर्षं बघून 1995 साली प्रसिद्ध केलं की लहानपणी काहीही त्रास नसलेल्यांनाही मोठेपणी अचानक भोवळ येऊ शकते, आणि पहिलीच भोवळ जिवावरची ठरू शकते, म्हणून मोठं होईपर्यंत बहुतेकांना पेसमेकर लागतोच. आत्ता नको म्हणाले म्हणजे कधीच नको असं नाही, हे घरच्यांनी मनात पक्कं धरावं. जगातला पहिला शरीरात बसवलेला पेसमेकरही स्वीडनचाच, 8 ऑक्टोबर 1958 ला आर्ने लार्सन यांना बसवला. तो काही तासच चालला, पण पुढे दोन डझनांहून जास्त यंत्रं बदलत ते 2001 पर्यंत जगले, वयाच्या 86 पर्यंत. त्यांचा ब्लॉक जन्मजात नव्हता, पण आईबाबांना धीर द्यायला मी ही गोष्ट नेहमी सांगते.

पेसमेकर बसला की पळण्याचा प्रश्न सुटला असं वाटतं, पण इथेही बारकावे आहेत आणि ते मास्तरांना माहीत असायलाच हवेत. दोन प्रकार समजून घ्या. एकात दोन वायरी असतात, वरच्या कप्प्यातली वायर सायनस नोडचा ठोका ऐकते आणि खालची वायर लगेच खाली ठोका देते, म्हणजे तुटलेली वाट यंत्राने जोडली, सायनस नोड तर चांगलाच आहे त्यामुळे पळताना वेग आपोआप बरोबर चढतो. पण प्रत्येक ठोक्यानंतर यंत्र थोडा वेळ वरचं काही ऐकत नाही, तसं ठरवलेलंच असतं. समजा वरच्या ठोक्यापासून खालच्या ठोक्यापर्यंत 150 मिलिसेकंद आणि त्यानंतर न ऐकण्याचा काळ 250, मिळून 400. मिनिटात असे 400 चे तुकडे 150 बसतात. आता मूल जोरात पळालं, वरचे कप्पे 155-160 ला गेले, की यंत्राला दर दुसराच ठोका ऐकू येतो आणि खालचा वेग 150 वरून एकदम 78-80 ला पडतो. एका क्षणात निम्मा! मूल छान पळत असतं आणि अचानक पायातलं त्राण जाऊन थांबतं, खाली बसतं. बघणाऱ्याला वाटतं नाटक करतंय किंवा दमलं. मोठ्या माणसाच्या हिशोबाने सेटिंग राहिलं असेल तर मुलांमध्ये हे होऊ शकतं, आणि यावर ऑपरेशन लागत नाही, बाहेरून प्रोग्रामर नावाच्या यंत्राने आकडे बदलतात आणि ट्रेडमिलवर पळवून खात्री करतात. म्हणून असं मूल खेळता खेळता नेहमी एकाच जोराला एकदम थांबत असेल तर ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना तसंच्या तसं सांगा.

दुसरा प्रकार एका वायरीचा, लहान बाळांमध्ये जास्त, यंत्र पोटाच्या कातडीखाली आणि वायर हृदयाच्या बाहेरून शिवलेली. याला वरचे कप्पे ऐकू येत नाहीत, तो अंगाच्या हालचालीवरून अंदाज घेतो की मूल पळतंय आणि वेग वाढवतो. हालचाल म्हणजे हादरे. त्यामुळे सायकल चालवताना धड फारसं हलत नाही म्हणून वेग हवा तेवढा वाढत नाही, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीत किंवा मशीनच्या होडीत मूल नुसतं बसलेलं असलं तरी वेग वाढू शकतो. हादरे ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये जिना चढताना कमी आणि उतरताना जास्त वेग, असा उलटा प्रकारही दिसलेला आहे, कारण उतरताना पाय आपटतात. आमच्या पाखाड्यांवर हे होणारच. घाबरायचं कारण नाही, पण चढताना अशा मुलाला घाई करायला लावू नका.

आता मैदानावरचं. पेसमेकर नसलेलं मूल, हृदयाची रचना आणि ताकद चांगली, भोवळ कधी नाही, उंच रेषा बारीक, पळताना वेग वाढतो, एक्टोपिक नाहीत किंवा तुरळक, अशा मुलांना जगभरातले डॉक्टर साधारणपणे खेळू देतात, स्पर्धांमध्येसुद्धा. आमच्या मुलीला तशी लेखी परवानगी आहे. मी तिला खो-खोत घेते, फक्त ती म्हणाली थांबते की थांबायचं, त्यावर कुणी काही बोलायचं नाही, हा नियम सगळ्या वर्गाला सांगून ठेवलाय. वाळूत पळणं जास्त दमवतं, तिथे अंतर कमी. पेसमेकर असेल तर कबड्डी नको, आणि आमच्याकडे कबड्डी म्हणजे जीव की प्राण, मला माहितीये, पण यंत्रावर गुडघा बसला तर वायर तुटू शकते. ठोके पूर्णपणे यंत्रावर अवलंबून असतील तर तो खेळ होत नाही. गणपतीत मोठ्या स्पीकरला छाती टेकवून उभं राहायचं नाही, आत लोहचुंबक असतं. पोहायचं तर विहिरीत किंवा खाडीत एकटं कधीच नाही, पेसमेकर असो नसो, पाण्यात भोवळ आली तर कुणाला कळतही नाही. क्यूटी लांबलेलं असेल तर पोहायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं.

नाडी मोजायची असेल तर बसल्या जागी पूर्ण एक मिनिट मोजा, मधे एखादा ठोका चुकतोय का तेही कळतं. पळून आल्यावर मात्र लगेच 15 सेकंद मोजून चारने गुणा, कारण थांबल्यावर वेग भराभर उतरतो. स्मार्टवॉचवर फार विसंबू नका. त्यापेक्षा मी तिला सावकाश पळता पळता तेराचा पाढा म्हणायला सांगते. सलग म्हणता आला तर ठीक, प्रत्येक आकड्याला श्वास घ्यावा लागला तर चालायचं, आणि ओठ फिके पडले, डोळ्यापुढे अंधारी आली, छातीत दुखलं तर तिथेच आडवं करून पाय वर. शुद्ध हरपली आणि श्वास नीट नसेल तर वाट बघायची नाही, एकाने 108 ला फोन आणि दुसऱ्याने छाती दाबायला सुरुवात, पेसमेकर असला तरी दाबायची. शाळेतल्या निदान दोन-तीन मोठ्यांना हे करता यायला हवं, अँब्युलन्सला आमच्या वळणांवरून यायला वेळ लागतो.

खर्चाचं विचारतात. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासणीला येते, 2013 पासून हा कार्यक्रम चालू आहे, मुलाची नाडी कमी वाटली तर त्यांना मुद्दाम दाखवा, ते पुढे पाठवतात. महात्मा फुले योजनेत काय बसतं तेही दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. आमच्याकडचे लोक मुंबई गाठतात, सिंधुदुर्गातले गोव्यात बांबोळीला जातात, कुठेही गेलात तरी लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर हवेत, मोठ्यांचे नव्हेत.

शेवटी आईबद्दल, कारण ती बिचारी सगळ्यात जास्त ऐकून घेते. ग्रहणात बाहेर गेली होती, काहीतरी उचललं असेल, पपई खाल्ली असेल. यातलं काहीही खरं नाही. हृदयाची रचना चांगली असलेल्या बहुतेक मुलांत ब्लॉक होतो तो आईच्या रक्तातल्या अँटी-रो आणि अँटी-ला नावाच्या अँटीबॉडीजमुळे. त्या वारेतून बाळाकडे जातात आणि बहुतेक वेळा गरोदरपणाच्या 18 ते 24 आठवड्यांत एव्ही नोडला इजा करतात. आईला स्वतःला काही त्रासही नसतो कित्येकदा, काहींना पुढे तोंड-डोळे कोरडे पडणं किंवा ल्युपससारखा, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा, आजार निघतो, म्हणून मुलाचं निदान झालं की आईची रक्ततपासणी करायलाच हवी. या अँटीबॉडी असलेल्या बायकांत बाळाला ब्लॉक व्हायची शक्यता फक्त एक ते दोन टक्के, पण एका बाळाला झाला असेल तर पुढच्या बाळाला साधारण 16 ते 18 टक्के. 2020 साली आलेल्या एका अभ्यासात अशा आयांना दहाव्या आठवड्याच्या आत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी सुरू केली तेव्हा हे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास आलं. गोळी स्वतःहून घ्यायची नाही, पण दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. पोटातल्या बाळाच्या हृदयाचा एको सोळाव्या आठवड्यापासून पुन्हा पुन्हा करावा लागतो आणि तो करणारे डॉक्टर जवळपास मिळतीलच असं नाही, त्यामुळे तिसरा महिना संपायच्या आत कुठे जायचं ते ठरवून पहिली तारीख घ्या.